मराठी सिनेमा थेटरात जाऊन बघावा, की मोबाइलवर येईपर्यंत थांबावं?

नाशिकहून तुम्ही विचारलंय की नवरा, बायको आणि नऊ वर्षांचा मुलगा असं तिघांचं तिकीट, पॉपकॉर्न, पार्किंग धरून दीड हजार घालवावेत असे मराठी सिनेमे येतायत का, आणि पुढे कशाची वाट बघावी.

येतायत. पण "पुढच्या आठवड्यात बघू" म्हणणाऱ्यांसाठी येत नाहीत. हिंदीतला मोठा सिनेमा दुसऱ्या शुक्रवारीही समोरच असतो. मराठी सिनेमा दुसऱ्या शुक्रवारी कुठे गेला हे शोधायला तिकिटांच्या अ‍ॅपवर बोटं झिजवावी लागतात, आणि मग एखादा खेळ सापडतो. मंगळवारी, दुपारी साडेबाराचा.

या साडेबाराची एक गंमत आहे. २०१५ साली सरकारने मल्टिप्लेक्सना मराठी सिनेमा प्राइम टाइमला लावायला सांगितलं. आधी संध्याकाळी ६ ते ९ असं ठरलं होतं. मग बोलणी होऊन ते दुपारी १२ ते रात्री ९ असं ताणलं गेलं. तेव्हापासून ऑफिसात डबे उघडायची वेळ ही कागदोपत्री प्राइम टाइम आहे. मी राहतो डोंबिवलीला, नोकरी फोर्टात. साडेबाराचा खेळ गाठायचा तर आजारी पडावं लागतं. पडलोही आहे.

सगळा दोष मल्टिप्लेक्सवाल्यांचा नाही. आपलेच लोक एकाच शुक्रवारी एकमेकांच्या अंगावर येतात. १ मे २०२५ ला 'गुलकंद' आणि 'आता थांबायचा नाय' एकाच दिवशी लागले, समोर हिंदीतला 'रेड २'. १२ सप्टेंबरला तर 'दशावतार', 'आरपार' आणि 'बिन लग्नाची गोष्ट' असे तीन. मराठी माणूस महिन्यातून एकदा सहकुटुंब थेटरात जाणार, आणि त्याला तुम्ही तिघांतून एक निवडायला लावणार! आमच्या घरी 'बिन लग्नाची गोष्ट' राहून गेला तो असाच.

त्या १२ सप्टेंबरबद्दल जरा सांगतो. तेव्हा पितृपक्ष चालू होता. त्या पंधरवड्यात नवी वस्तू घरात येत नाही, तिथे नवा सिनेमा कोण लावणार? पण 'दशावतार' लागला आणि चालला. आमचं मूळ गाव कुडाळजवळ, म्हणून मी वडिलांना घेऊन गेलो. ते थेटरात पाच-सहा वर्षांनी येत होते. दशावतार म्हणजे आमच्या कोकणातलं लोकनाट्य, ते त्यांनी लहानपणी जत्रेत पाहिलेलं, रात्रभर, देवळासमोर गोणपाटावर बसून. पडद्यावर मृदंग आणि झांज सुरू झाली तशी त्यांची बोटं खुर्चीच्या दांड्यावर ठेका धरायला लागली. दिलीप प्रभावळकरांनी त्यात उतारवयातला दशावतारी कलावंत केलाय, डोळे अधू झालेला, तरी रंग लावायचा सोडत नाही असा. प्रभावळकर तेव्हा ८१ वर्षांचे. वडील माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "ह्यो मेकप नाय रे, खरोच म्हातारो असा. पण नाचता बघ कसो!"

सिनेमा उत्तरार्धात भाषणाच्या वाटेला जातो, हे माझं मत. जंगल आणि खाण हा विषय मोठा आहे, तो सांगायच्या घाईत माणसं मागे पडतात. पण ते जंगल आणि तो काळोख मोबाइलवर काय दिसणार? बल्ब विझवून बसलात तरी नाही.

'आता थांबायचा नाय' मात्र घरी बघितला तरी फार बिघडत नाही. मुंबई महापालिकेचे चतुर्थ श्रेणी कामगार रात्रशाळेत जाऊन दहावीला बसतात, एवढीच गोष्ट. नऊ वर्षांच्या मुलाला आवर्जून दाखवा. त्यात भरत जाधव इतका शांत आहे की माझी आई मध्यंतरात म्हणाली, "हा तो नाहीच." 'जारण' हा भयपट अमृता सुभाषसाठी बघा, मुलगा झोपल्यावर.

आता थेटरातच बघायला हवा होता आणि बहुतेकांनी बघितला नाही असा सिनेमा. 'साबर बोंडं'. दिग्दर्शक रोहन कानवडे, पहिलाच मोठा सिनेमा. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचं ग्रँड ज्युरी पारितोषिक त्याला मिळालं. मराठी सिनेमा तिथे पोचण्याचीच ती पहिली वेळ होती. आपल्याकडे तो 'दशावतार'नंतर आठवड्याने, १९ सप्टेंबरला लागला. वडील वारल्यावर मुंबईचा तरुण दहा दिवस पाळायला गावी जातो, तिथे लहानपणीचा मित्र भेटतो आणि दोघांमध्ये प्रेम उमलतं. पार्श्वसंगीत नाही. कुठे रडायचं ते व्हायोलिन सांगत नाही. घरी बघितला असता तर त्या शांततेत आमच्या कुकरने तीन शिट्ट्या घातल्या असत्या.

आमच्याकडे त्याचा एकच खेळ होता, रात्री पावणेअकराचा. आम्ही नऊ जण. पुढच्या रांगेत साठी-पासष्टीचं एक जोडपं, नावावरून गावरान विनोदी काहीतरी असेल असं समजून आलेलं. सुरुवातीला आजोबा दोनदा घड्याळ बघताना दिसले. दोन पुरुषांची गोष्ट आहे हे कळलं तेव्हा मला वाटलं, आता उठतील. उठले नाहीत. लिफ्टमध्ये आजी म्हणाल्या, "दहा दिवसांत नातेवाईक काय काय बोलतात, ते अगदी तसंच दाखवलंय हो." आजोबा गप्प होते, मग म्हणाले, "लग्न कधी करणार, हेच विचारत बसतात मेल्या घरी." बाकी विषयावर कोणी बोललं नाही, पण मला ते पुरलं.

पुढच्याबद्दल. रितेश देशमुखच्या 'राजा शिवाजी'ला १ मे २०२६ ही तारीख जाहीर झाली आहे. कॅमेरा संतोष सिवन, संगीत अजय-अतुल. खरं सांगू, शिवकालीन सिनेमांनी माझं पोट भरलंय. दिग्पाल लांजेकरांचे 'फर्जंद'पासून 'सुभेदार'पर्यंत मी पहिल्याच आठवड्यात पाहिले, पावनखिंडीला रडलोही. पण मशाली, घाटवाट, हवेत थांबलेली तलवार, हे आता पाठ झालं. गड चढताना दम लागतो, घोड्याला दाणा लागतो, कारकुनाला हिशेब लागतो, तेही कोणी दाखवावं. सिवन यांचा डोळा आहे म्हणून आशा आहे, आणि 'वेड'मधून एवढं कळलं की रितेशला मराठी घराघरातून माणसं बाहेर काढता येतात. मुलाला घेऊन जा. पहिल्या रविवारची तिकिटं मिळाली नाहीत तर सोमवारी रात्री जा, गर्दीचा आवाज कमी आणि सिनेमाचा जास्त ऐकू येईल.

मी स्वतः वाट बघतोय ती नागराज मंजुळेंच्या 'खाशाबा'ची. 'सैराट' २०१६ चा. त्यानंतर त्यांनी 'झुंड' केला तो हिंदीत, म्हणजे मराठीत पूर्ण लांबीचा सिनेमा घेऊन दिग्दर्शक म्हणून ते तेव्हापासून आलेच नाहीत. खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे, १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. पण गोष्ट पदकाची नाहीच. तिकडे जायला पैसे नव्हते, गावाने वर्गणी काढली, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी आपलं घर गहाण टाकलं. ते प्राचार्य घरी जाऊन बायकोला हे कसं सांगतात, तो प्रसंग मंजुळेंनी घेतला असेल तर मी दोनदा तिकीट काढीन. आणि मॅटवरच्या कुस्तीला लाल मातीच्या कुस्तीसारखे ढोल लावले असतील तर तक्रार करीन, ती वेगळी गोष्ट.

तुमच्यासाठी हिशेब असा करा. महिन्यातून एकच सिनेमा परवडत असेल तर बुधवारी रात्री अ‍ॅप उघडा, शुक्रवारी काय लागतंय ते बघा आणि शनिवार संध्याकाळचं तिकीट तेव्हाच काढून टाका. परीक्षणांची वाट बघू नका. चांगल्या सिनेमाचं परीक्षण फिरत फिरत तुमच्या फोनवर येतं तोवर त्याची वेळ साडेबारा झालेली असते.