टर्कीच्या रिपोर्टमध्ये ‘टाइप ए, नेटबी निगेटिव्ह’ आलं, म्हणजे नेक्रोटिक एन्टरायटिस (आतड्याचं अस्तर कुजवणारा रोग) नाही का?

तसा अर्थ काढू नका. मुरबाडच्या शेडमध्ये ऐन पावसाळ्यात सात आठवड्यांची पिल्लं मरताहेत, तर एवढ्यावरून हा रोग बाद करता येत नाही.

हा रोग क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स या जंतूमुळे होतो. त्याचे टाइप तो कोणतं विष तयार करतो त्यावरून ठरतात. २०१८ पासून ए ते जी असे सात मानले जातात. अल्फा विष सगळ्यांतच असतं. ए म्हणजे ठरवलेल्या विषांपैकी फक्त अल्फा, जी म्हणजे अल्फा आणि नेटबी. नेटबी २००८ मध्ये सापडलं ते कोंबड्यांच्या नेक्रोटिक एन्टरायटिसमध्ये, म्हणून लॅब ते आवर्जून तपासते. टर्कीच्या रोगी आतड्यातून मात्र बहुतेकदा ‘टाइप ए’ हाच निघतो. अडचण अशी की तो निरोगी पक्ष्याच्या आतड्यातही असतो, आणि मेल्यावर तर झपाट्याने वाढतो. त्यामुळे नुसत्या टाइपवरून रोग आहेही म्हणता येत नाही आणि नाहीही.

निकाल आतडं देतं. नुकताच मेलेला पक्षी उघडा. लहान आतडं वायूने फुगलेलं, हात लावताच फाटणारं, आतून टर्किश टॉवेलसारखा खरखरीत पिवळट-तपकिरी थर दिसला तर संशय पक्का. त्याचे दोन सेंटिमीटरचे तुकडे लगेच १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये टाका, आणि एक भाग दोन्ही टोकं दोऱ्याने बांधून बर्फावर पाठवा. सकाळी मेलेला पक्षी संध्याकाळी पाठवला तर पैसे वाया. आतड्याच्या खरवडीत कॉक्सिडिया (आतड्यातले सूक्ष्म परजीवी) आहेत का तेही बघायला सांगा, कारण आतड्याला पहिली जखम बहुधा तेच करतात. आतड्यात रक्तच रक्त असेल तर हेमोरेजिक एन्टरायटिसचा व्हायरसही तपासून घ्या.

औषध पशुवैद्यकाकडूनच. एक गोष्ट मात्र पाठ करून ठेवा: कोंबड्यांच्या खाद्यातलं सॅलिनोमायसिन हे कॉक्सिडियाविरुद्धचं औषध टर्कीला विष आहे. पाय लुळे पडतात, पक्षी मरतात. ब्रॉयलरचं उरलेलं खाद्य टर्कीला कधीच घालू नका, पिशवीवरचं लेबल वाचा.

फिश मील आणि गहू सध्या कमी करा, दोन्ही या जंतूला पोसतात. शेडमध्ये अंथरलेलं तूस मुठीत दाबा. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर ते ओलं आहे. पाण्याच्या भांड्यांखालचं तर रोज बदला.