क्रिकेटमधला स्पिन, वॉशिंग मशीनचा स्पिन आणि स्पिनिंग मिल, यांचा एकमेकांशी काही संबंध आहे का?

आहे. तिन्हीकडे काहीतरी स्वतःभोवती गरगरतं. वॉशिंग मशीनचा ड्रम फिरतो, कपड्यांतलं पाणी भोकांतून बाहेर फेकलं जातं, विषय संपला. जिममध्ये जागच्या जागी सायकल हाणण्यालाही हल्ली स्पिनिंग म्हणतात, त्यावर मी काही बोलत नाही. पण प्रश्नाखाली तुम्ही सहज जोडलंय ना, ‘मिलमध्ये तर मशीनच फिरतं, त्यात माणसाला काय काम?’, त्यासाठी मी लिहायला बसलोय.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका सहकारी सूतगिरणीत रिंग फ्रेम खात्यात, म्हणजे कापसाला शेवटचा पीळ देऊन सूत काढणाऱ्या यंत्रांवर होतो. नाव लिहीत नाही. गिरणी बंद पडली आणि आमच्या ग्रॅच्युइटीचं भिजत घोंगडं अजून तसंच आहे. सासुरवाडी तासगावची. गणपतीच्या रथाला सगळे जावई जमतो. थोरले साडू बँकेतले. पान वाढलं की माझी फिरकी घ्यायची, हा त्यांचा ठरलेला कार्यक्रम. “पाव्हणं, तुमचं बरं हाय. मशीन फिरतंय, तुम्ही बघताय. खळ लावून कापूस चिकटवला की झाला धागा!”

खळ! अहो, खळ लावतात ती विणायच्या आधी ताण्याला, म्हणजे कापडातल्या उभ्या धाग्यांना, मागावर घासून तुटू नये म्हणून. सूत कातताना चिकट काहीही लागत नाही. कापसाचा तंतू जेमतेम इंच-सव्वा इंचाचा. असे तंतू सरळ करायचे, ओढून बारीक करायचे आणि पीळ द्यायचा. पिळाने ते एकमेकांवर आवळतात, धागा धरून ठेवतो तो पीळच. ४० नंबरच्या सुताला (म्हणजे ८४० यार्डांच्या ४० लडी मिळून एक पौंड भरतात ते) इंचाला साधारण २५ पीळ लागतात. चाती (सूत गुंडाळायची बॉबिन जिच्यावर बसते ती फिरणारी दांडी) मिनिटाला १६ हजार फेरे घेत असेल तर सूत निघतं मिनिटाला १६ मीटर. हिशोब लावून बघा.

बरं, नुसता पीळ देऊन भागत नाही, त्याच वेळी सूत बॉबिनवर गुंडाळलंही गेलं पाहिजे. ते करतो ट्रॅव्हलर, नखाएवढा पोलादी आकडा. चातीभोवतीच्या रिंगवर तो पळतो. त्याला मोटर नाही, सूतच ओढतं, म्हणून तो चातीच्या किंचित मागे पडतो. तेवढ्या फरकानेच सूत गुंडाळलं जातं. ही युक्ती ज्याला सुचली त्याला माझा दंडवत.

एका वर्षी माझं डोकं फिरलं. परवानगी काढून साडूंना पहिल्या पाळीत खात्यात नेलं. आत हवा मुद्दाम दमट ठेवलेली असते, कोरड्या हवेत धागे फार तुटतात. आवाज असा की ओठांकडे बघून बोलणं ओळखायचं. म्हटलं, एक तुटलेला धागा जोडून दाखवा. गुडघ्याने ब्रेक दाबून तेवढी एक चाती थांबवायची, बॉबिन उचलून टोक शोधायचं, ते ट्रॅव्हलरमधून आणि वरच्या आकड्यातून घ्यायचं, बॉबिन बसवायची, गुडघा सोडायचा आणि पुढच्या रोलरमधून येणाऱ्या तंतूंना टोक अलगद भिडवायचं. बाकीच्या चात्या तोवर फिरतच असतात.

साडूंना टोकच सापडेना. सापडलं तर ट्रॅव्हलरमध्ये जाईना. गेलं एकदाचं, तर गुडघा आधीच सुटला आणि सूत बोटाला करकचून बसलं. रोलरमधून येणारा कापूस सक्शनची नळी गिळत राहिली. शेजारच्या फ्रेमवरच्या ताई एव्हाना आपली अख्खी बाजू फिरून आल्या होत्या. जाता जाता त्यांनी आमचाही धागा जोडला, आणि कसा जोडला ते साडूंना दिसलंसुद्धा नाही.

बाहेर येऊन मिशीतला कापूस झटकत साडू म्हणाले, “तरी पण फिरतंय मशीनच की वो.”

आता क्रिकेट. शेन वॉर्नने १९९३ मध्ये मँचेस्टरला माईक गॅटिंगला टाकलेला चेंडू हवेत लेगला सरकला, लेग स्टंपच्या बाहेर टप्पा पडून वळला आणि ऑफ स्टंपवर लागला. सरकणं आणि वळणं, दोन्ही मनगटाने दिलेल्या पिळामुळे. मँचेस्टर म्हणजे मूळचं सूतगिरण्यांचं गाव, त्यावरूनच आपल्या इचलकरंजीला महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतात. तर तिथे वॉर्नला कुणी म्हणालं का, चेंडूच फिरतोय, तुला काय काम?

इलेक्ट्रॉनच्या स्पिनमध्ये तर भोवऱ्यासारखं काही गरगरतच नाही म्हणे, ते एखाद्या फिजिक्सवाल्याला विचारा.

मी सांगितलं ते रिंग फ्रेमचं. ओपन एंड नावाच्या दुसऱ्या पद्धतीत चाती-ट्रॅव्हलर नसतात, तिथे पीळ देतो तो रोटर, म्हणजे गरगर फिरणारी वाटी. नव्या गिरण्यांत भरलेल्या बॉबिन काढायलाही यंत्र आहे, आणि बॉबिनवरचं सूत मोठ्या शंकूसारख्या कोनवर भरताना तुटलेलं सूत हवेच्या झोताने आपोआप सांधलं जातं. तेवढ्यापुरतं साडूंचं बरोबर धरा हवं तर.

खात्री करायची असेल तर जुन्या पंच्यातला एक धागा काढा, दोन्ही टोकं चिमटीत धरून पीळ उलटा सोडवा आणि ओढा. न तुटता सुटा होईल. शिवणाचा दोरा घेऊ नका, तो दोन-तीन पदरी असतो. आणि पंचा धुतलेलाच घ्या. कोऱ्या कापडात खळ असते, आमच्या साडूंसारखा कुणी जवळ असला तर लगेच म्हणेल, बघा, चिकटवलंय.