डायरेक्टर दारू पिऊन गायब झाला तेव्हा

प्रिय मित्रा,

तुझा मेसेज रात्री दीडचा, म्हणजे पॅकअप परत लांबलेलं दिसतंय. तीन वर्षं नुसता जनरेटर, गर्दी आणि जेवणाचे डबे सांभाळतोय, डायरेक्शन कधी शिकणार, असं विचारलंयस. तुला हॉलिवूडच्या जुन्या डायरेक्टरची, अ‍ॅलन ड्वॉनची गोष्ट सांगतो.

जन्म १८८५, टोरांटो. शिकला इंजिनिअरिंग, सिनेमाशी काही देणंघेणं नाही. मर्क्युरी व्हेपरचे दिवे बसवायचं काम होतं, ते शिकागोच्या एसाने स्टुडिओला हवे होते म्हणून हा तिकडे गेला, बघतो तर हे लोक गोष्टी विकत घेतायत, मग यानंही आपल्या गोष्टी विकल्या आणि तिथंच रमला. १९११ मध्ये दुसऱ्या कंपनीनं त्याला कॅलिफोर्नियाला पाठवलं, कारण तिकडे गेलेल्या युनिटकडून फिल्मच येईना. जाऊन बघतो तर डायरेक्टर दारू पिऊन गायब आणि नटमंडळी हातावर हात धरून बसलेली. यानं तार केली की डायरेक्टर नाही, युनिट बंद करा. उलट तार आली, तूच कर. मग यानं नटांना सांगितलं, एकतर मी डायरेक्टर नाहीतर तुमच्या नोकऱ्या गेल्या, आणि त्यांनाच विचारलं की बाबांनो डायरेक्टर नक्की करतो काय! (हे सगळं त्यानंच म्हातारपणी सांगितलंय, थोडं तिखटमीठ असणारच.)

पुढे आठवड्याला दोन-तीन एकरिळी, म्हणजे एकाच रिळात मावणारे छोटे सिनेमे. स्क्रिप्ट कुठली, सकाळी निघायचं, कडा दिसला की कड्यावरची मारामारी, पाण्याचा लाकडी पाट दिसला की त्याच पाटात विष कालवणारा व्हिलन.

पण मला सगळ्यात आवडतो तो १९२२ च्या 'रॉबिन हूड'चा किस्सा. सिनेमाचा हिरो डग्लस फेअरबँक्ससाठी भलामोठा किल्ला उभा केला, तो बघून हिरोच गळाठला, एवढ्या भिंतींपुढे मी काय दिसणार म्हणून. ड्वॉननं भाषण दिलं नाही. वरच्या सज्जातून खाली सोडलेल्या मोठ्या पडद्यामागे लहान मुलांची असते तशी घसरगुंडी लपवली आणि त्यावरून घसरून कसं यायचं ते दाखवलं. फेअरबँक्स खूश! दिवेवाला इंजिनिअरच होता तो शेवटपर्यंत.

चारशेच्या आसपास सिनेमे केले त्यानं, मूकपटांतले बरेचसे आज हरवलेत. सगळे भारी होते असं समजू नकोस, काही नुसते उरकलेले आहेत. बोलपट आल्यावर मोठी बजेटं कमी झाली, तरी १९४९ ला जॉन वेनचा 'सँड्स ऑफ इवो जिमा' केला, नंतर स्वस्तातले वेस्टर्न, म्हणजे काउबॉयचे सिनेमे केले, त्यातला १९५४ चा 'सिल्व्हर लोड' जरूर बघ, शेवटाकडे कॅमेरा गावातून कसा हिरोबरोबर धावतो ते बघ. डोकं गर्दीच्या वर काढलं की टपली बसते, खाली राहिलं की टिकतो, अशा अर्थाचं तो म्हणायचा. मला हे अर्धंच पटतं, आणि तुझ्या वयात तर अजिबात पटवून घेऊ नकोस.

आणि हो, त्या दिवशी जनरेटर बंद पडल्यावर तू गाड्यांच्या हेडलाइटवर सीन काढून दिलास म्हणे. त्यात तोंडं दिसली का? गाड्या कुठल्या बाजूला लावल्या होत्यास, जरा कागदावर काढून फोटो पाठव.

तुझा काका