वाचक विचारतात : दोर खाली ओढण्याआधी

अमेरिकेतल्या युटा राज्याच्या दक्षिणेला वालुकाश्मात पाण्याने कोरलेल्या अरुंद, खोल घळी आहेत. तिकडे त्यांना स्लॉट कॅन्यन म्हणतात. गाइडबरोबर तीन-चार दिवस या घळी दोराने उतरण्याविषयी आलेल्या पत्रांपैकी काहींना इथे उत्तरे दिली आहेत.

सांधण दरी तीनदा उतरलो आहे, पावसाळ्यात धबधब्यांवर रॅपलिंगही केले आहे. मग गाइडवर पैसे का घालवायचे? (पुणे)

रॅपलिंग तुम्हाला जमेल, पण या उद्योगातला तो सोपा भाग आहे. आपल्याकडच्या आयोजित उपक्रमात दोर आधीच लावलेला असतो, बिलेला, म्हणजे चुकलात तर सावरून धरायला, दुसरा दोर असतो, वर एक जाणता माणूस उभा असतो. युटात शेवटचा माणूस उतरला की दोर खाली ओढून घेतात, कारण पुढच्या टप्प्याला तोच लागणार असतो. सिंहगडावर सूर्याजीने परतीचे दोर कापले ते एकदाच. इथे ते काम दर टप्प्याला आपल्याच हाताने करायचे असते. पहिला दोर ओढल्यावर पुढे पाणी किती, अँकर (दोर ज्याला बांधतात तो आधार) शाबूत आहे का, सोबतचा दमला का, या कशानेही मागे फिरता येत नाही. गाइडचे पैसे असतात ते दोर ओढायचा की नाही हे ठरवण्याचे.

दुसरा फरक अँकरचा. झायन राष्ट्रीय उद्यानाबाहेरच्या घळींत खडकात ठोकलेले बोल्ट फार थोडे. फटीत अडकलेला धोंडा, झुडपाचे खोड, वाळूत पुरलेला दगड, रचलेल्या दगडांची रास, यांना पट्टी बांधून काम भागवावे लागते. अँकर जेमतेम वाटला तर सर्वांत वजनदार माणूस आधी उतरतो. त्या वेळी मागे माणसांचा आधार जोडलेला असतो, पण त्यावर भार येऊ न देता मूळ अँकर किती टिकतो ते पाहतात. तो हलला नाही, तरच सर्वांत हलका माणूस शेवटी आधाराशिवाय उतरतो. शिवाय आपला काळा कातळ विसरा. वालुकाश्म भिजला की कमकुवत होतो. काल पक्की वाटलेली कड पावसानंतर हाताखाली फुटते.

तिसरा फरक रांजणखळग्यांचा. निघोजला कुंडीच्या काठावरून चालता येते. इथे आत उतरून पलीकडच्या गुळगुळीत भिंतीवरून बाहेर पडायचे असते. खळगा तुडुंब असेल तर पोहून कडेला हात लावता येतो. तोच अर्धा रिकामा असला की माणूस आत कोंडला जातो. मग दहीहंडीसारखा खांद्यावर खांदा, किंवा वाळूने भरलेल्या पिशव्या दोराला बांधून पलीकडच्या कडेवरून फेकायच्या आणि त्यांच्या वजनावर आपण चढायचे. एकच घळ एप्रिलमध्ये सोपी आणि ऑक्टोबरमध्ये भयंकर असू शकते, ती यामुळे. मागच्या आठवड्यात तिथे पाणी कुठवर होते, हे माहीत असलेला माणूस हवा.

झायनमध्येच चार दिवसांची गाइडेड मोहीम मिळेल का? (मुंबई)

नाही. झायनच्या आत व्यावसायिक गाइडला कॅन्यनिअरिंग, म्हणजे अशा घळी उतरणे, करवण्याची परवानगीच नाही. तिथे परवाना काढून आपले आपण जायचे. गाइड नेतात ते उद्यानाबाहेर, मुख्यतः ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या सरकारी खात्याच्या जमिनीवर: एस्कलांटे, हँक्सव्हिलजवळचा नॉर्थ वॉश, सान रफाएल स्वेल. त्यासाठी कंपनीकडे त्या खात्याचा ‘स्पेशल रिक्रिएशन परमिट’ लागतो. तो आहे का, हे पहिल्याच निरोपात विचारा. उत्तर गुळमुळीत आले तर दुसरी कंपनी शोधा.

‘चार दिवस’ म्हणजे बहुधा एकाच तळावर मुक्काम आणि रोज नवी घळ. पहिला दिवस सरावाचा. तो वगळून पैसे वाचवू नका. त्याच दिवशी गाइड तुम्हाला जोखतो आणि पुढच्या घळी ठरवतो.

पाठीवर बिऱ्हाड घेऊन आतच मुक्काम करायचा असेल तर युटा-ॲरिझोना सीमेवरची परिया कॅन्यन बघा. व्हाइट हाउसपासून लीज फेरीपर्यंत 38 मैल, म्हणजे साधारण 61 किलोमीटर. चार-पाच दिवस धरा. तिला मिळणारी बकस्किन गल्च ही जगातल्या सर्वांत लांब स्लॉट कॅन्यनमध्ये गणली जाते. तिथे एरवी रॅपलिंग नाही. चिखल, गार पाणी, आणि संगमाच्या अलीकडे धोंड्यांची एक अडगळ, जिथे सॅक दोराने खाली सोडणे बरे. मुक्कामाचे परवाने दिवसाला फक्त 20 जणांना मिळतात आणि गट 10 हून मोठा चालत नाही.

वाळवंट आहे, तर वेटसूट कशाला? (नागपूर)

कारण ऊन तळापर्यंत पोचत नाही. वर अंग भाजत असताना खाली महिनोन्‌महिने सावलीत साठलेले पाणी असते. आता हिशेब करा. सहा जणांचा गट, प्रत्येकाला पाच मिनिटे, म्हणजे एका टप्प्याला अर्धा तास. असे चार टप्पे म्हणजे दोन तास, आणि त्यातला बराचसा वेळ ओल्या कपड्यांत नुसते उभे राहण्यात जातो. गारठ्याने आधी बोटे जातात. मग डिसेंडरवर (उतरताना दोराला घर्षण देणाऱ्या साधनावर) दोर नीट भरता येत नाही आणि चूक होते. साधारण 3 ते 4 मिलिमीटर जाडीचा वेटसूट आणि निओप्रीनचे मोजे कंपनीकडून भाड्याने मिळतात. पाण्याच्या आधी घाला, कुडकुडायला लागल्यावर नव्हे. मात्र घळीपर्यंतच्या चालीत तो सॅकमध्येच ठेवा, नाहीतर उन्हात शिजाल. सुती कपडे आणि जीन्स घरी.

मुलांच्या सुट्टीमुळे जुलै-ऑगस्टमध्येच जमते. आकाश निरभ्र असेल तर चालेल ना? (सॅन होजे, कॅलिफोर्निया)

प्रश्न तुमच्या डोक्यावरच्या आकाशाचा नाही. जुलै ते सप्टेंबरचा मध्य हा तिकडचाही मान्सून. दुपारी वीजवादळे उठतात, उघड्या खडकावर पाणी मुरत नाही, आणि कित्येक मैलांवरचा पाऊस फूटभर रुंदीच्या फटीत भिंत होऊन येतो. 12 ऑगस्ट 1997 रोजी ॲरिझोनात पेजजवळच्या लोअर अँटिलोप कॅन्यनमध्ये 11 पर्यटक असेच वाहून गेले. पाऊस झाला होता तो वरच्या अंगाला. 14 सप्टेंबर 2015 रोजी झायनच्या कीहोल कॅन्यनमध्ये सात जण पुरात दगावले. कीहोल ही आखूड घळ, रॅपल छोटे, आणि त्या गटाकडे परवानाही होता. सोपी घळ आणि सुरक्षित दिवस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अमेरिकेचे हवामान खाते या भागासाठी अचानक पुराच्या शक्यतेचा रोजचा अंदाज चार पायऱ्यांत देते: अपेक्षित नाही, शक्य, संभाव्य, अपेक्षित. कंपनीला विचारा, कोणत्या पायरीला तुम्ही घळ रद्द करता? त्याऐवजी काय करवता? पैसे परत देता का? पर्यायी दिवस ठरलेलाच नसेल तर गाइडवर घळीत शिरण्याचा दबाव राहतो. खरे सांगायचे तर मुलांची सुट्टी सोडा; एप्रिल-मे किंवा सप्टेंबरची अखेर ते ऑक्टोबर गाठा.

‘3बी III’ म्हणजे काय? (सांगली)

ही घळीची श्रेणी. पहिला आकडा तांत्रिक अवघडपणाचा: 1 म्हणजे चाल, 2 म्हणजे हातापायांनी चढउतार, 3 म्हणजे दोर लागणार, 4 म्हणजे मुरलेल्यांसाठी. अक्षर पाण्याचे: ए म्हणजे कोरडी किंवा थोडेसे पाणी, बी म्हणजे साठलेले पाणी आणि पोहणे, सी म्हणजे वाहता जोर. रोमन आकडा वेळेचा: III म्हणजे दिवसाचा मोठा भाग, V आणि VI म्हणजे एका दिवसात न संपणारी. पुढे ‘आर’ किंवा ‘एक्स’ दिसले तर दचका. तळ फारच अरुंद असल्याने बऱ्याच उंचीवर दोन भिंतींना पाय-पाठ लावून दोराविना सरकावे लागते, असा त्याचा अर्थ बहुधा असतो.

क्लबचा 10.5 मिलिमीटरचा डायनॅमिक दोर आणि फिगर ऑफ एट नेऊ का? (ठाणे)

दोर नको. प्रस्तरारोहणाचा दोर ताणतो, आणि उतरणाऱ्याच्या वजनाने वर-खाली होत वालुकाश्माच्या कडेवर करवतीसारखा घासतो. पाणी पिऊन जडही होतो. तिथे 8 ते 9 मिलिमीटरचा स्टॅटिक, म्हणजे फारसा न ताणणारा, दोर वापरतात. एट, म्हणजे इंग्रजी आठच्या आकाराचा डिसेंडर, चालते, पण बारीक ओल्या दोरावर घर्षण कमी पडते आणि दोराला पीळ बसतो. जादा शिंगे असलेला, उतरता उतरता घर्षण वाढवता येणारा डिसेंडर बरा. खालून दोर ताणून धरणारा माणूस हवाच. लांब केस आणि सॅकचे लोंबते पट्टे आधी बांधा.

बहुतेक वेळा एकेरी दोरावर उतरतात. पट्टीतल्या लोखंडी कडीतून दोर ओवायचा, ओढायच्या बाजूला कडीला टेकेल असा कॅरॅबिनरचा (उघडझाप होणाऱ्या धातूच्या आकड्याचा) ब्लॉक, म्हणजे अडसर, बांधायचा आणि दुसऱ्या बाजूने उतरायचे. डिसेंडर चुकून ब्लॉकच्या बाजूला लावला तर दोर कडीतून सरळ सरकतो आणि माणूस कोसळतो. म्हणून भार देण्याआधी दुसऱ्याने बोट लावून बाजू तपासायची. शेवटचा उतरण्याआधी खालच्यांनी दोर थोडा ओढून बघावा. तो अडकला तर वरचा माणूस सोडवू शकतो. तो उतरल्यावर अडकला तर पुढच्या टप्प्याला दोर नाही. अडकतो बहुधा कडेवरच्या खाचेत, आणि या खाचा आधीच्या लोकांनी दोर ओढून पाडलेल्या असतात. उपाय म्हणजे पट्टी लांब करून कडी कडेच्या बाहेर आणणे. त्याने सुरुवात अवघडते, पण खडक आणि दोर दोन्ही वाचतात.

वजन 98 किलो आहे. जमेल? (कोल्हापूर)

दोराला 98 किलो काहीच नाही. अडचण छातीच्या जाडीची. नॉर्थ वॉशमधल्या काही फटी फुटाहूनही अरुंद आहेत. नोंदणी करतानाच वजन, उंची आणि छातीचे माप कळवा. रुंद घळीही भरपूर आहेत.

पाणी, शौच, संपर्क? (नाशिक)

पाणी माणशी दिवसाला 4 लिटर. परियाचे पाणी चिखलाचे आणि वरच्या अंगाला शेती, म्हणून झऱ्यांवर भिस्त ठेवा. गढूळ पाणी घ्यावेच लागले तर तुरटी फिरवून रात्रभर निवळू द्या, मग गाळा. नाहीतर फिल्टर पहिल्याच लिटरला तुंबेल. शौच पिशवीत, आणि ती पिशवी पाठीवरून बाहेर. काळपट, खडबडीत वाळूवर पाय नको. तो जिवंत थर आहे आणि एका पावलाने मोडलेला सावरायला वर्षे लागतात.

घळीत मोबाइल नाही, आणि आकाशाची जेमतेम पट्टी दिसत असल्याने उपग्रहाचे संदेशयंत्रही भरवशाचे नाही. ते गाइडकडे असते. तिकडून विकत घेऊन परत आणू नका: भारतात परवान्याशिवाय ते बाळगणे गुन्हा आहे आणि विमानतळावर पर्यटक पकडले गेले आहेत.