जुन्या एमजीबीचा (ब्रिटिश स्पोर्ट्स कार) हीटर गार हवा फेकतोय, अख्खा बदलू का?

लगेच बदलू नका! इंजिन तापलं की हीटरच्या दोन्ही होसना जपून हात लावा. एक कढत, दुसरा गार म्हणजे पाणी फिरत नाही. एमजीबीत हीटरचा कॉक सिलिंडर हेडवर, मागच्या बाजूला असतो. माझ्या गाडीचा कॉक उघडला तर आतल्या भोकात तांबडा गाळ चिखलासारखा घट्ट बसलेला. तारेने खरवडला, उलट्या बाजूने पाणी सोडलं, नवं कूलंट भरलं. डिसेंबरात निफाडकडे पहाटे निघालो, काच स्वच्छ! इकडची थंडी बघता हीटर हवाच.

पायाखालचा गालिचा ओला, गोडसर वास येत असेल तर मात्र हीटरचा कोअर, म्हणजे आतला छोटा रेडिएटर, गळतोय. तांब्या-पितळेचा असेल तर रेडिएटरवाला डाख मारून देतो. हीटरचा बॉक्स एकदा बाहेर काढलाच, तर ब्लोअरची मोटर जास्त ताकदीची बसवून टाका, कारण तो पुन्हा काढणं फार जिकिरीचं.