माळ्यावरचा डिटेक्टर

प्रश्न : मी इंग्लंडात नॉरफकमध्ये राहतो. मेटल डिटेक्टर घेऊन शेतं पालथी घालायचा मला नाद होता. मुलं झाली आणि यंत्र माळ्यावर गेलं. आता निवृत्त झालोय. तेच यंत्र चालेल का? आणि जुन्नरला येताना सोबत आणू का?

उत्तर : चालेल की! सेल आतच राहिले असतील तर ते पाझरून पत्र्यांवर क्षार चढला असेल, तो आधी साफ करा. नांगरटीच्या रानात एकाच फ्रिक्वेन्सीचं जुनं यंत्र छान काम देतं. समुद्रकाठच्या ओल्या, खारट वाळूत मात्र ते उगाच किंचाळत राहतं. तिथे जायचं असेल तरच मल्टी-फ्रिक्वेन्सी, म्हणजे एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरणाऱ्या यंत्रावर पैसे घाला. सुरुवातीला प्रत्येक आवाजावर खणा. मध्ययुगातली पातळ चांदीची पेनी (नाणं) आणि चॉकलेटच्या वेष्टनाची चांदी यांचे आवाज फार जवळचे असतात. कान पुन्हा तयार व्हायला वेळ लागतो.

शेतमालकाची परवानगी नव्याने, लेखी घ्या. मधल्या काळात जमीन दुसऱ्याच्या हाती गेली असेल. ३० जुलै २०२३ पासून इंग्लंडात ‘ट्रेझर’ची, म्हणजे सापडल्यावर सरकारला कळवावाच लागतो अशा ऐवजाची, व्याख्याही वाढली आहे. पूर्वी मुख्य भर होता तो ३०० वर्षांपूर्वीच्या सोन्याचांदीवर. आता २०० वर्षांपूर्वीची, विशेष महत्त्वाची कुठल्याही धातूची वस्तूही त्यात येऊ शकते. असं काही सापडलं तर १४ दिवसांत कॉरोनरला, म्हणजे अशा ऐवजाची चौकशी करणाऱ्या तिथल्या अधिकाऱ्याला, कळवावं लागतं.

पण माझं कळकळीचं सांगणं वेगळंच आहे : वस्तूइतकीच तिची जागा जपा. तुमच्या शेजारच्या सफकमध्ये, हॉक्सन गावी, १९९२ साली एरिक लॉज शेतकरी मित्राचा हरवलेला हातोडा शोधत होते. सापडली रोमन सोन्याचांदीची रास. थोडं वर काढल्यावर ते थांबले आणि त्यांनी कळवलं. उरलेलं पुरातत्त्वज्ञांनी जागच्या जागी उकललं, म्हणून तर हा ऐवज लाकडी पेटीत कसा रचला होता तेही समजलं. हातोडाही सापडला, तो आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. लॉज यांच्याबद्दल मला फार आदर वाटतो.

जुन्नरला यंत्र आणू नका. त्या मातीत सातवाहनांची नाणी आहेत, म्हणूनच नको. शिवनेरी, लेण्याद्री ही संरक्षित स्मारकं. तिथे खणणं गुन्हा आहे. स्वतःच्या वावरात जरी दहा रुपयांहून अधिक मोलाचं पुरलेलं धन लागलं, तरी १८७८ च्या कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. आलात की नाणेघाट चढा, सातवाहन राणीचा शिलालेख बघा.

नॉरफकच्या शेतकऱ्याला मात्र ऑगस्टमध्येच भेटून ठेवा. कापणी आणि गव्हाची पेरणी यांच्यामध्ये रान मोकळं असतं ते थोडेच दिवस.