संगणक-सल्ला: प्रोग्रामर कोड देत नाही, काय करावं?

प्रश्न: अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं युनिफॉर्म शिवण्याचं युनिट आहे. एका प्रोग्रामरकडून ईआरपीनेक्स्ट या कारखान्याचा कारभार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कटिंगची नोंद, पीसवर मजुरी असे बदल करून घेतले. आता काम दुसऱ्याला द्यायचं म्हटलं, तर 'कोड माझा आहे' म्हणून तो अडून बसलाय. हे मुक्त सॉफ्टवेअर ना? आणि कोड मिळाला, तर शेजारच्या कारखान्यालाही द्यावा लागेल का?
– एक उद्योजक, सोलापूर

उत्तर: शेजाऱ्याला काहीही द्यावं लागत नाही. ईआरपीनेक्स्टला जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याची तिसरी, म्हणजे 2007 ची आवृत्ती लागू आहे. हा परवाना वापरायची, कोड वाचून बदलायची, मूळ किंवा बदललेली प्रत वाटायची मोकळीक देतो. वाटायची सक्ती करत नाही. स्वतःच्या युनिटपुरतं वापरलंत, तर विषय मिटला.

प्रोग्रामरचं म्हणणं किती टिकतं, हे सॉफ्टवेअर कुठं चालतं त्यावर ठरतं. तुमच्या ऑफिसातल्या सर्व्हरवर बसवून दिलं असेल, तर त्यानं तुम्हाला प्रत दिली, आणि बदललेल्या ईआरपीनेक्स्टचा कोड मिळणं हा तुमचा हक्क झाला. कामाचे पैसे त्यानं जरूर घ्यावेत, कोड अडवता येत नाही. बहुतेक वेळा मागायचीही गरज नसते. हे सॉफ्टवेअर मुख्यतः पायथन आणि जावास्क्रिप्टमध्ये आहे, त्यामुळे कोड सर्व्हरवरच असतो. नव्या माणसाला 'फ्रॅपे-बेंच' फोल्डरमधलं 'ॲप्स' उघडायला सांगा. ईआरपीनेक्स्टच्या फोल्डरमध्ये 'गिट' या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाचं 'गिट डिफ' चालवलं की कमिट न केलेले, म्हणजे पक्की नोंद न झालेले बदल ओळीनिशी दिसतात. कमिट केलेले 'गिट लॉग'मध्ये सापडतात. स्क्रीनवरून वाढवलेले रकाने आणि छोट्या स्क्रिप्ट डेटाबेसमध्ये असतात, त्या बॅकअपबरोबर येतात. त्यानं वेगळं ॲपच लिहिलं असेल, तर त्याला जीपीएल लागू होतो का, यावर वाद होऊ शकतो. म्हणून पुढच्या करारात कोडचा हक्क लिहूनच घ्या.

सॉफ्टवेअर त्याच्या सर्व्हरवर असेल आणि तुम्ही ब्राउझरमधून नुसतं वापरत असाल, तर जीपीएलच्या हिशोबानं तुम्हाला प्रत मिळालेलीच नाही. कोडवर हक्क सांगता येत नाही. (एजीपीएल परवाना असता, तर नेटवरून वापरणाऱ्यालाही बदललेला कोड द्यावा लागला असता.) पण मग कोडपेक्षा माहितीची काळजी आधी करा. कामगारांचे आधार क्रमांक, बँक खाती, मजुरी सगळं त्याच्या ताब्यात आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या 2023 च्या कायद्यानुसार माहिती दुसऱ्याकडे सांभाळायला दिली, तरी जबाबदारी तुमचीच राहते, आणि त्याच्याशी रीतसर करार लागतो.

बॅकअप घेताना 'विथ-फाइल्स' हा पर्याय लावायलाच सांगा. चार फाइली मिळाल्या पाहिजेत: डेटाबेस, सार्वजनिक फाइली, खासगी फाइली आणि साइट कॉन्फिग (सेटिंग्जची फाइल). नुसता डेटाबेस घेतला, तर जोडलेली बिलं आणि कागदपत्रं मागे राहतात. कॉन्फिगमध्ये एन्क्रिप्शन-की असते. ती नसेल तर हिशोब दिसतो, पण साठवलेले ईमेलचे वगैरे पासवर्ड उलगडत नाहीत. दुसऱ्या संगणकावर तीच आवृत्ती बसवून बॅकअप चढवून पाहा. जुन्या आवृत्तीवर चढवलात तर तक्ते जुळत नाहीत. एका महिन्याचा पगार आणि दोन-चार बिलं ताडून पाहिल्याशिवाय जुना करार संपवू नका. मग त्याचं युजर खातं आणि एपीआय-की (दुसऱ्या प्रोग्राममधून आत शिरायची किल्ली) बंद करा, ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड बदला, तुमच्या सर्व्हरवर त्याची एसएसएच-की (दुरून सर्व्हरवर शिरायची किल्ली) असेल तर काढा.

प्रश्न: मी अभियांत्रिकीला आहे. कोड लिहायचं विज्युअल स्टुडिओ कोड हे सॉफ्टवेअर ओपन सोर्स आहे, मग त्यात माझं खासगीपण सुरक्षित धरायचं का?
– एक विद्यार्थिनी, सात रस्ता

उत्तर: नाही. त्याचा मूळ कोड एमआयटी परवान्याखाली खुला आहे, पण मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून उतरवलेल्या तयार प्रतीला कंपनीचा वेगळा परवाना आहे, आणि ती वापराची माहिती कंपनीला पाठवते. सेटिंग्जमध्ये 'टेलिमेट्री' (ही माहिती पाठवण्याची सोय) शोधून पातळी 'ऑफ' करा. एक्स्टेंशनांची, म्हणजे वरून जोडलेल्या सुविधांची टेलिमेट्री मात्र वेगळी असू शकते, ती एकेक तपासा. त्याच खुल्या कोडपासून बनवलेलं 'व्हीएसकोडियम' टेलिमेट्री बंद ठेवूनच येतं. त्यात एक्स्टेंशन 'ओपन व्हीएसएक्स' या खुल्या भांडारावरून येतात आणि पायथनसाठीच्या पायलान्ससारखी मायक्रोसॉफ्टची काही एक्स्टेंशन परवान्यामुळे वापरता येत नाहीत. त्याऐवजी पायथनसाठी 'बेस्ड-पायराइट' हे एक्स्टेंशन घ्या, कॉलेजच्या कामाला ते पुरतं.